फेरेरो: कोकोच्या टंचाईतून उभं राहिलेलं घराणं

प्रश्न असा आहे: कॅडबरी विकली गेली, ब्रिटनचीच राउंट्री विकली गेली, इटलीतली पेरुजिनासुद्धा नेस्लेच्या पोटात गेली. मग त्याच चॉकलेटच्या धंद्यातली, न्यूटेला आणि किंडर जॉय बनवणारी, इटलीत जन्मलेली फेरेरो अजून एकाच घराण्याच्या हातात कशी? आणि त्याला जोडून दुसरा: मालक घरचेच असल्याने मालात खरोखर काही फरक पडतो का, की ही नुसती जाहिरातीची भाषा?

माझी उमेदीची वर्षं चॉकलेट-बिस्किटांच्या कारखान्यांत, उत्पादनाच्या बाजूला गेली. फेरेरोत मी कधी नोकरी केली नाही. पण या धंद्यात राहून फेरेरोचा माल कापून, वितळवून, मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिला नाही असा माणूस सापडायचा नाही. म्हणून उत्तराची सुरुवात मालापासून करतो, वंशावळ नंतर.

न्यूटेला म्हणजे पावाला लावायचं हेझलनट-कोकोचं क्रीम (हेझलनट हा कवचातला सुका मेवा). त्याच्या बरणीवरचं युरोपातलं लेबल वाचा. साखर, पाम तेल, मग हेझलनट १३ टक्के, स्किम्ड दूध पावडर ८.७ टक्के आणि त्याच्याही खाली कोको पावडर, ७.४ टक्के. जगातल्या एका सर्वांत मोठ्या चॉकलेट कंपनीच्या सगळ्यांत गाजलेल्या मालात कोको दूध पावडरीपेक्षा कमी. यात फसवाफसवी काही नाही, लेबलवर उघड लिहिलंय. पण या कंपनीचा इतिहास त्या एका आकड्यात आहे. ती जन्मलीच मुळी कोको मिळत नव्हता म्हणून.

जागा आहे उत्तर इटलीतला पिडमाँट प्रांत, त्यातलं आल्बा हे गाव. भोवती लांगेच्या टेकड्या: द्राक्षमळे, पांढरे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) आणि हेझलनटच्या बागा. तिथे कोकोत हेझलनट मिसळण्याची रीत फेरेरोच्या फार आधीची. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनची व्यापारी नाकेबंदी केली, समुद्रमार्गे येणारा कोको तुटला आणि महागला, तेव्हा तूरिनच्या कारागिरांनी घरचं हेझलनट दळून त्यात भर घातली असं सांगतात. १८६५ मध्ये तूरिनच्या काफारेलने त्याच मिश्रणाच्या सोनेरी कागदातल्या छोट्या वड्या बाजारात आणल्या. जानदुया म्हणतात तो हा प्रकार. त्यामुळे फेरेरोने जानदुया शोधला असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. त्यांनी तो गरिबाच्या पावावर नेला. माझ्या मते ते शोधापेक्षा अवघड काम.

पिएत्रो फेरेरो १८९८ मध्ये जन्मलेले, पेशाने मिठाईवाले. तूरिनला दुकान काढून पाहिलं, पूर्व आफ्रिकेतल्या इटालियन सैनिकांना बिस्किटं विकायचा उद्योगही करून पाहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पत्नी पिएरा आणि मुलगा मिकेले यांच्यासह ते आल्बात स्थिरावले. दुकान पिएरा सांभाळायच्या, पिएत्रो मागच्या खोलीत प्रयोग करत बसायचे. युद्ध संपलं तेव्हा इटलीत साखर दुर्मीळ, कोकोवर जबर कर, आणि चॉकलेट ही सणासुदीची वस्तू. हेझलनट मात्र दारातच. १९४६ मध्ये त्यांनी 'जानदुयोत' काढला: हेझलनट, साखर आणि थोडा कोको यांची लादी, चांदीच्या कागदात गुंडाळलेली. सुरीने काप काढायचा, पावात घालायचा आणि पोराच्या डब्यात द्यायचा. किंमत चॉकलेटच्या कितीतरी खाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं या पदार्थाच्या स्वभावातून निघालंय. हेझलनटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि ते नेहमीच्या तापमानाला पातळच राहतं. कोको बटर मात्र खोलीत घट्ट असतं आणि जिभेवर, ३४ अंशांच्या आसपास, विरघळतं. दोन्ही एकत्र आले की हेझलनटचं तेल कोको बटरला मऊ पाडतं. त्यात कोको मुळातच कमी असेल तर लादी उन्हाळ्यात अंग सोडणारच. शेंगदाण्याचा कूट मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरला की तेल सुटून त्याचा लगदा होतो, त्यातलाच हा प्रकार. एका कडक उन्हाळ्यात जानदुयोत वितळला आणि दुकानदार तो चमच्याने विकू लागले अशी गोष्ट सांगितली जाते. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, पदार्थाचं शास्त्र तिच्या बाजूने आहे. जो दोष होता तोच गुण करून १९५१ मध्ये 'सुपरक्रेमा' आलं, पावाला लावायचं, बरणीतलं. पावाचा तुकडा घेऊन वाण्याकडे जायचं आणि थोड्या पैशांत त्यावर सुपरक्रेमाचा एक हात फिरवून घ्यायचा, ही त्या पिढीच्या इटालियन लोकांची लहानपणची आठवण.

पण पिएत्रोंना ते पाहायला मिळालं नाही. १९४९ मध्ये हृदयविकाराने ते गेले, पन्नाशीच्या आसपासच. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात तानारो नदीचा पूर कारखान्यात शिरला होता आणि कामगारांनीच चिखल उपसून यंत्रं चालू केली होती. (१९९४ च्या नोव्हेंबरात तानारो पुन्हा आली, पुन्हा चिखल, पुन्हा कामगारच खोरी घेऊन उतरले.) धंद्याची दुसरी बाजू, म्हणजे विक्री, पिएत्रोंच्या धाकट्या भावाने, जोवान्नी यांनी उभी केली होती. घाऊक व्यापाऱ्याला वगळून स्वतःच्या गाड्यांतून माल थेट दुकानात टाकायचा. यातून दोन गोष्टी साधल्या: मधली दलाली वाचली, आणि कोणत्या गावात काय खपतं हे मालकाला त्याच आठवड्यात कळू लागलं. १९५७ मध्ये तेही गेले आणि सगळा भार तिशीतल्या मिकेलेंवर आला.

मिकेले फेरेरो हा माणूस या गोष्टीचा कणा. काळा चष्मा, मुलाखतींना नकार, फ्रान्समधल्या लूर्दच्या मेरीमातेवर गाढ श्रद्धा, आणि प्रयोगशाळेत रोजची हजेरी. त्यांच्या मनातली ग्राहक म्हणजे 'व्हालेरिया' नावाची एक काल्पनिक बाई: घरात सामान आणणारी, पोरांना काय द्यायचं ते ठरवणारी. व्हालेरियाला आवडलं नाही तर माल बाद. मोठमोठ्या बाजार-सर्वेक्षणांपेक्षा ही पद्धत मला जास्त भावते, कारण तिच्यात 'ग्राहक' नावाचा धूसर घोळका उरत नाही, एक चेहरा येतो.

जर्मनीत त्यांनी १९५६ मध्येच पाय रोवला होता, अलेंडॉर्फला, जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जागेत. युद्धाला दहाच वर्षं झालेली, इटालियन माणसाने जर्मनाला चॉकलेट विकायचं ही कल्पनाच त्या काळात धाडसाची. तिथे विकलं काय, तर मद्यात मुरलेली चेरी आत असलेलं 'मोन शेरी', एकेक नग वेगळा गुंडाळलेला. अख्खा डबा परवडत नसेल तर दोन नग घ्या.

सुपरक्रेमाचं न्यूटेला झालं ते कायद्याच्या धाकाने. १९६२ च्या सुमारास मालाच्या नावात 'सुपर' सारखे शब्द वापरण्यावर इटलीत बंधनं आली. मिकेलेंनी नाव बदललंच, शिवाय पाककृतीही सुधारून घेतली, आणि २० एप्रिल १९६४ ला आल्बाच्या कारखान्यातून पहिली बरणी निघाली. मग १९६८ मध्ये 'किंडर', जास्त दुधाचं आणि आईच्या मनाला पटेल असं चॉकलेट. १९६९ मध्ये पुढे 'टिक टॅक' नावाने ओळखल्या गेलेल्या गोळ्या. १९७४ मध्ये खेळणं पोटात असलेलं अंडं. आणि १९८२ मध्ये रोशे, सोनेरी कागदातला गोल नग.

रोशेबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण नव्या मुलांना शिकवताना मी हाच नग वापरतो. गरम सुरीने बरोबर मधून कापा. मध्यभागी अख्खं भाजलेलं हेझलनट, भोवती मऊ क्रीम, मग वेफरचं कवच, आणि बाहेर दुधाच्या चॉकलेटमध्ये घोळलेले हेझलनटचे बारीक तुकडे. वेफर अर्ध्या वाट्यांच्या पत्र्यात भाजलं जातं. वाट्यांत क्रीम भरायचं, एका बाजूला दाणा बसवायचा, दोन पत्रे एकमेकांवर मिटायचे, मधलं जास्तीचं वेफर कापून गोळे सुटे करायचे आणि मग बाहेरचे थर चढवायचे. वाचायला सोपं. पण दाणा सारख्या आकाराचा नसेल तर दोन अर्धगोल जुळत नाहीत. क्रीममध्ये पाण्याचा अंश राहिला तर वेफर सादळतं. भाजणी चुकली तर दाणा महिनाभरात खवट होतो. वेफर महिनोनमहिने कुरकुरीत राहतं ते क्रीम स्निग्ध आहे, पाण्याचं नाही, एवढ्याचसाठी. हे एकदा बनवणं म्हणजे मिठाईवाल्याचं कसब. दिवसाला लाखोंनी बनवायचं तर यंत्र लागतं, आणि तसं यंत्र बाजारात मिळत नाही. फेरेरोने आपली बरीचशी यंत्रं स्वतःच्या अभियांत्रिकी विभागात घडवली आणि ती बाहेर दाखवली नाहीत. नक्कल करणारे पुष्कळ झाले. दाणा, क्रीम, सोनेरी कागद सगळं जमतं, पण भाव आणि सातत्य जमत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे. असं यंत्र बसवायला आणि रुळवायला वर्षं जातात, आणि तेवढा काळ पैसा नुसता आत जात राहतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आकडे दाखवावे लागतात. फेरेरो बाजारात कधी गेलीच नाही. नफा घरात आणि परत कारखान्यात, कर्ज बेताचं, आणि मिकेले असेपर्यंत दुसऱ्या कंपन्या गिळण्याची हौस जवळजवळ नाही. २००९ मध्ये क्राफ्ट कॅडबरीच्या मागे लागली तेव्हा फेरेरोनेही विचार चालवल्याचं जाहीर केलं होतं, पण शेवटी बोली लावली नाही. क्राफ्टने २०१० मध्ये सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांना कॅडबरी घेतली.

कॅडबरीचं घराणंही काही लेचंपेचं नव्हतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं, कामगारांसाठी बोर्नव्हिल ही वसाहत वसवलेली. पण पिढ्या वाढल्या, भाग वाटले गेले, १९६२ मध्ये कंपनी बाजारात आली, १९६९ मध्ये शीतपेयांच्या श्वेप्सशी विलीन झाली. त्यानंतर नाव घराण्याचं राहिलं, चावी नाही. आपल्याकडे १९४८ पासून असलेली आणि ठाण्यात कारखाना चालवलेली कॅडबरी या विक्रीपर्यंत शेअर बाजारातल्या भागधारकांच्या मर्जीवर होती. पेरुजिनाची वाट आणखी छोटी: बुइतोनी घराण्याच्या हातून १९८५ मध्ये उद्योगपती दे बेनेदेत्तींकडे, तिथून १९८८ मध्ये नेस्लेकडे.

फेरेरोच्या बाबतीत एक गोष्ट लोक बोलून दाखवत नाहीत: वंशवेल अरुंद होती. संस्थापक पिएत्रोंना एकच मुलगा. मिकेलेंना दोन, पिएत्रो आणि जोवान्नी. थोरला पिएत्रो २०११ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत सायकल चालवताना हृदयविकाराने गेला. मिकेले २०१५ च्या १४ फेब्रुवारीला गेले. उरला एक, जोवान्नी. भाऊबंदकीला माणसंच पुरली नाहीत. घराणेशाहीच्या शहाणपणाचे गोडवे गाताना हा नशिबाचा, आणि दुःखाचाही, भाग वजा करू नये. आपल्याकडे चांगली चाललेली मिठाईची दुकानं तिसऱ्या पिढीत वाटणीपायी कशी चिरफाळतात हे सांगायची गरज नाही. पाटीवर तेच आडनाव, आणि समोरासमोर दोन दुकानं, 'आमची कुठेही शाखा नाही'.

दुसरं कारण आल्बात दिसतं. पन्नास-साठच्या दशकांत लांगेच्या टेकड्यांतली माणसं तूरिनच्या मोटार कारखान्यांकडे चालली होती. फेरेरोने गावोगाव बस धाडल्या. माणूस पाळीपुरता कारखान्यात यायचा आणि संध्याकाळी आपल्या द्राक्षमळ्यात परतायचा. यामागे धर्मबुद्धी होती तसा हिशोबही होता: हंगाम चुकत नाही, शेत सुटत नाही, म्हणून कामगारही सुटत नाही. पुढे निवृत्त कामगारांसाठी १९८३ मध्ये आल्बात फाउंडेशन उभं राहिलं.

बारामतीचा कारखाना पाहताना मला त्या बस आठवतात. फेरेरो भारतात २००४ मध्ये आली आणि २०११ मध्ये बारामती एमआयडीसीत तिचं उत्पादन सुरू झालं. कॅमेरून, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशा तीन ठिकाणी त्यांनी 'सामाजिक उद्योग' म्हणून जे कारखाने काढले, त्यांतला हा एक. भोवती ऊस, दूध, शेतकरी कुटुंबं, आणि लाइनवर आसपासच्या गावांतल्या बायकांची संख्या मोठी. धंदा म्हणूनच चालवायचा आणि नफ्याच्या धोरणात स्थानिक कामं धरायची, असा तो घाट आहे. याला मी दानधर्म म्हणणार नाही. पण पुणे-मुंबईच्या कडेला जागा न घेता बारामतीला येणं हे आल्बाच्या माणसाला सुचावं असंच आहे.

आणि बारामतीत बनतं काय, तर मुख्यतः किंडर जॉय आणि टिक टॅक. भारतातल्या उन्हाळ्याचं उत्तर यात आहे. अंड्याच्या आकाराचं पोकळ चॉकलेट मे महिन्यात आपल्या टपरीवर टिकायचं नाही. युरोपात तर मोन शेरी आणि रोशेसारखा माल उन्हाळ्यात दुकानांतून काढून घ्यायचीच कंपनीची रीत आहे. किंडर जॉय २००१ मध्ये इटलीत निघालं: प्लॅस्टिकच्या अंड्याच्या एका अर्ध्यात दुधाचं आणि कोकोचं असे क्रीमचे दोन थर, त्यात दोन कुरकुरीत गोळे, वर झाकण, सोबत चमचा, दुसऱ्या अर्ध्यात खेळणं. क्रीम पातळ झालं तरी बिघडत नाही, चमच्यानेच खायचंय. खेळणं खाण्यापासून वेगळं असल्यामुळे अमेरिकेतही त्याला वाट मिळाली. तिथे १९३८ च्या कायद्यामुळे खाद्यपदार्थाच्या पोटात खेळणं ठेवता येत नाही. १९५१ ची युक्ती पन्नास वर्षांनी पुन्हा वापरली: घट्ट राहत नाही ना, मग मऊच विका.

दुसरा प्रश्न, मालकी घरची असल्याने मालात फरक पडतो का. पडतो, पण हवा तेव्हा पडेलच असं नाही. २०२१ च्या १५ डिसेंबरला बेल्जियममधल्या आर्लोन कारखान्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सापडला. बटर ऑइलच्या टाकीवरच्या एका गाळणीत त्याचा उगम निघाला. तरीही एप्रिल २०२२ मध्ये, ऐन ईस्टरच्या तोंडावर, अनेक देशांत मुलं आजारी पडल्यावर किंडरचा माल मागे घ्यावा लागला आणि कारखान्याचा परवाना काही काळ थांबवला गेला. चॉकलेटमध्ये ओलावा नसतो म्हणून जंतू वाढत नाहीत हे खरं, पण मरतही नाहीत. स्निग्धांश त्यांना पोटातल्या आम्लापासून वाचवतो आणि थोडे जंतूही पुरतात. हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये कॅडबरीने याच जंतूपायी दहा लाखांवर बार परत घेतले होते. एक शेअर बाजारातली कंपनी, एक घराण्याची. गाळणी कुणाचं आडनाव पाहत नाही.

पाम तेलाच्या वादात मात्र मला घरची मालकी दिसली. २०१६ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने उच्च तापमानावर शुद्ध केलेल्या पाम तेलातल्या काही घटकांबद्दल इशारा दिला, इटलीतल्या अनेक कंपन्यांनी पाकिटावर 'पाम तेल नाही' छापून सुटका करून घेतली. फेरेरोने उलट पाम तेल वापरतो म्हणून जाहिरात केली, आणि आपण ते कमी तापमानावर शुद्ध करून घेतो असं सांगितलं. तांत्रिक दृष्ट्या त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे: त्या तेलाशिवाय न्यूटेलाचा पोत येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही घट्ट करून घातलं तर नवे प्रश्न येतात. बाजाराच्या दबावाखालची कंपनी एवढी अडून बसली नसती. ते योग्य होतं की हट्ट, यावर माझ्या दोन मित्रांचं अजून पटलेलं नाही.

मिकेलेंनंतरची फेरेरो वेगळी आहे. मिकेलेंचे धाकटे चिरंजीव जोवान्नी (आफ्रिकेच्या पार्श्वभूमीवरच्या कादंबऱ्याही लिहितात) यांनी २०१७ मध्ये लापो चिविलेत्ती या बाहेरच्या माणसाला मुख्याधिकारी नेमलं, घराण्यात पहिल्यांदाच. खरेदीचा सपाटा सुरू झाला: ब्रिटनची थॉर्नटन्स, नेस्लेचा अमेरिकेतला गोळ्या-चॉकलेटांचा धंदा २.८ अब्ज डॉलरना, केलॉग्जची बिस्किटं, आइस्क्रीम, आणि २०२५ मध्ये डब्ल्यू. के. केलॉगचा सकाळच्या नाश्त्याचा धंदा सुमारे ३.१ अब्ज डॉलरना. २०१४ मध्ये आठ अब्ज युरोंच्या घरात असलेली उलाढाल २०२४ पर्यंत १८ अब्जांवर गेली. वडिलांनी जे टाळलं तेच मुलगा करतोय. चॉकलेटवाल्याने कॉर्नफ्लेक्स का घ्यावेत हा मलाही पडलेला प्रश्न आहे. कारखान्यातल्या माणसाला विकत घेतलेला ब्रँड नेहमी परका वाटतो, कारण त्याची यंत्रं आपण रुळवलेली नसतात.

एक खरेदी मात्र नीट कळते. २०१४ मध्ये, मिकेले हयात असतानाच, कंपनीने तुर्कस्तानातली ओल्तान ही हेझलनटची मोठी कंपनी घेतली. जगातलं बहुतांश हेझलनट काळ्या समुद्राकाठच्या त्या उतारांवरून येतं आणि त्याचा फार मोठा गिऱ्हाईक फेरेरो. आल्बाच्या दारातल्या बागा कधीच पुरेनाशा झाल्या. तिथल्या तोडणीत हंगामी मजूर कुटुंबांची मुलं राबतात ही तक्रार जुनी आहे आणि ती अजून मिटलेली नाही. एवढा मोठा खरेदीदार त्यातून हात झटकू शकत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे अवेळी गोठवणारी थंडी पडली, पिकाला मोठा फटका बसला आणि भाव भडकले. १९४६ मध्ये कोको महाग होता म्हणून हेझलनट घातलं. आता हेझलनटच महाग झालं तर बरणीत काय घालायचं, हा प्रश्न आल्बाच्या प्रयोगशाळेत नक्कीच मांडला गेला असणार. तुम्हाला या कंपनीवर नजर ठेवायची असेल तर खरेदी-विक्रीच्या बातम्यांपेक्षा न्यूटेलाच्या लेबलवरच्या त्या तेरा टक्क्यांवर ठेवा.